लॅपटॉपची रॅम बदलताना: स्लॉटपासून लेबलपर्यंत, नेमक्या क्रमाने

‘माझ्या लॅपटॉपला ३२०० ची रॅम चालेल का?’ रॅम बदलायला निघालेल्या बहुतेकांचा पहिला प्रश्न हाच असतो. खरं तर तो, म्हणजे वेगाचा प्रश्न, शेवटी यायला हवा. वेगाच्या बाबतीत रॅम बरीच समजूतदार असते. जास्त वेगाची स्टिक (रॅमची सुटी पट्टी) कमी वेगाच्या लॅपटॉपमध्ये बसवली, तर ती बहुतेक वेळा निमूटपणे कमी वेगाने चालते. पण डीडीआर या रॅमच्या प्रकाराची पिढी, व्होल्टेज आणि चिपांची घनता (एका चिपेत किती माहिती मावते) यांत चूक झाली की लॅपटॉप सुरूच होत नाही. आधी स्लॉट (स्टिक बसवायची जागा), मग पिढी, मग व्होल्टेज, मग क्षमता आणि त्यानंतर वेग, असा हा क्रम आहे. तो उलटा केला की स्टिक परत करण्याची वेळ येते.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे लॅपटॉपच्या नावावरून रॅम शोधणं. एकाच नावाखाली कंपन्या वेगवेगळे मदरबोर्ड (मुख्य सर्किट बोर्ड) विकतात. एकात दोन स्लॉट असतात, तर दुसऱ्यात एकही नसतो. प्रोसेसरवरूनही पक्कं काही कळत नाही. इंटेलच्या सहाव्या पिढीचे लॅपटॉप डीडीआर३एल (कमी व्होल्टेजची डीडीआर३) घेऊनही आले आणि डीडीआर४ घेऊनही. बाराव्या पिढीत तेच डीडीआर४ आणि डीडीआर५ यांच्या बाबतीत झालं. खरं उत्तर मदरबोर्डवर आणि त्यावर आधीच बसलेल्या स्टिकच्या लेबलवर असतं.

१. रॅमच बदलायची आहे ना, हे ठरवा

लॅपटॉप हळू चालतो म्हणून रॅम वाढवणार असाल, तर आधी रोजचं काम चालू ठेवून टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स टॅबमधली मेमरी पाहा. वापर सतत ८५-९० टक्क्यांच्या वर असेल, तर रॅम वाढवून फरक पडेल. वापर निम्म्यावर असूनही लॅपटॉप रखडत असेल, तर दोष दुसरीकडे आहे. जुनी फिरती हार्ड डिस्क असेल, तर बहुतेक वेळा तीच.

रॅम खराब झाल्याचा संशय असेल, म्हणजे मध्येच निळी स्क्रीन येत असेल, फाइली बिघडत असतील किंवा चालू करताना बीप वाजत असतील, तर नवी घेण्याआधी जुनीची चाचणी करा. विंडोजसोबत मेमरी डायग्नोस्टिक येतंच, पण त्यापेक्षा पेनड्राइव्हवरून चालणारं मेमटेस्ट८६ अधिक कसून तपासतं. रात्री लावून सकाळी पाहा. एकही चूक दिसली तरी ती गंभीर समजायची. ‘फक्त दोनच एरर आल्या’ हा दिलासा नव्हे.

दोन स्टिक असतील, तर एकेक काढून प्रत्येकीची वेगळी चाचणी घ्या. मग तीच स्टिक दुसऱ्या स्लॉटमध्ये लावून पाहा. एरर स्टिकसोबत फिरली तर स्टिक खराब. स्लॉटपाशीच राहिली तर स्लॉट किंवा मदरबोर्ड खराब, आणि मग नवी रॅम घेऊन काहीच साधणार नाही. कधी कधी स्टिक काढून नीट परत बसवली, एवढ्यानंच काम होतं.

२. पूर्ण मॉडेल क्रमांक आणि सर्व्हिस मॅन्युअल मिळवा

स्क्रीनखाली छापलेलं नाव पुरेसं नाही. लॅपटॉप उलटा करून खालच्या स्टिकरवरचा पूर्ण मॉडेल किंवा प्रॉडक्ट क्रमांक लिहून घ्या. डेलवर सर्व्हिस टॅग असतो, लेनोवोवर चार अक्षर-अंकांचा मशीन टाइप, एचपीवर प्रॉडक्ट नंबर. स्टिकर पुसला गेला असेल, तर बायॉसच्या (चालू होताना विंडोजच्या आधी चालणाऱ्या मूळ प्रणालीच्या) माहितीच्या पानावर हे सगळं सापडतं.

त्या क्रमांकावरून कंपनीच्या सपोर्ट विभागातून दुरुस्तीचं मॅन्युअल उतरवा. एचपी त्याला मेंटेनन्स अँड सर्व्हिस गाइड म्हणते, लेनोवोचं हार्डवेअर मेंटेनन्स मॅन्युअल असतं, डेलचं सर्व्हिस मॅन्युअल. लेनोवोच्या पीएसरेफ या यादीत तर ‘एक स्लॉट, बाकी बोर्डवर सोल्डर’ (म्हणजे डाक देऊन कायमची जोडलेली) इतकं स्पष्ट लिहिलेलं असतं. या कागदपत्रांत तीन गोष्टी शोधायच्या: स्लॉट किती, रॅमचा प्रकार कोणता आणि कमाल क्षमता किती. खोलताना कुठले स्क्रू आधी काढायचे, ते पानही तेव्हाच सेव्ह करून ठेवा. मागचं झाकण उघडून बसल्यावर तोच लॅपटॉप चालू करून मॅन्युअल वाचता येत नाही.

३. स्लॉट आहे का, आणि किती?

सगळ्यात जास्त निराशा इथेच होते. पातळ लॅपटॉपमध्ये रॅम मदरबोर्डवर सोल्डर केलेली असते. तिथे बदलण्यासारखं काही नसतंच. एलपीडीडीआर३, एलपीडीडीआर४एक्स, एलपीडीडीआर५ अशी नावं दिसली, की ती रॅम सोल्डर केलेलीच समजा. याला एकच अपवाद आहे, तो म्हणजे एलपीसीएएमएम२ हे स्क्रूने बसणारं नवं मॉड्यूल, पण ते मोजक्याच लॅपटॉपमध्ये आहे. मॅकबुकमध्ये २०१२ पासून आलेल्या रेटिना मॉडेलांत सोल्डर केलेली रॅम होती आणि अ‍ॅपलच्या स्वतःच्या चिपवरच्या मॅकमध्ये ती प्रोसेसरच्या पॅकेजमध्येच असते. इंटेलच्या कोअर अल्ट्रा २००व्ही मालिकेतही रॅम प्रोसेसरसोबतच, १६ किंवा ३२ जीबी. अशा लॅपटॉपवर हा लेख इथेच संपतो.

बाकीच्यांनी टास्क मॅनेजरच्या मेमरी पानावर खाली ‘स्लॉट्स यूज्ड’ आणि ‘फॉर्म फॅक्टर’ या दोन ओळी बघाव्यात. एसओडिम (लॅपटॉपच्या आखूड स्टिकचा आकार) दिसलं तर स्टिक आहे. ‘रो ऑफ चिप्स’ दिसलं तर ती बोर्डवर आहे.

सावध: या आकड्यावर एकट्यावर भिस्त ठेवू नका. बोर्डवरच्या सोल्डर रॅमलाही विंडोज एक ‘स्लॉट’ धरतं. ‘२ पैकी १ वापरात’ असं दिसतं आणि माणूस दोन स्टिकची जोडी घेऊन येतो. उघडल्यावर एकच स्लॉट सापडतो. सीपीयू-झेड किंवा एचडब्ल्यूइन्फो या मोफत साधनांनी प्रत्येक स्लॉटची माहिती वेगळी दिसते. लिनक्सवर डीएमआयडीकोड हा आदेश मेमरी प्रकार देऊन चालवला की तेच कळतं. तो जी कमाल क्षमता सांगतो ती मात्र बायॉसनं पुरवलेली असते आणि बऱ्याचदा चुकीची निघते.

शंका असेल तर झाकण उघडून डोळ्यांनी पाहणं हाच खात्रीचा मार्ग. रॅमवर कधी कधी प्लास्टिकची पट्टी किंवा धातूचं पातळ झाकण असतं, त्यामुळे ती नसल्यासारखी वाटते. चार स्लॉटच्या वर्कस्टेशन लॅपटॉपमध्ये दोन स्लॉट मागच्या झाकणाखाली आणि दोन कीबोर्डखाली असू शकतात.

४. पिढी आणि व्होल्टेज: इथे तडजोड नाही

डीडीआर३, डीडीआर४, डीडीआर५ या एकमेकींच्या जागी चालणाऱ्या वस्तू नाहीत. लॅपटॉपच्या स्टिकवर डीडीआर३ ला २०४ पिना असतात, डीडीआर४ ला २६०, डीडीआर५ ला २६२. खालच्या कडेची खाचही प्रत्येक पिढीत वेगळ्या जागी असते. म्हणून चुकीच्या पिढीची स्टिक बसतच नाही. डीडीआर४ आणि डीडीआर५ यांच्या पिनांत दोनाचाच फरक असल्यानं नुसत्या नजरेनं त्या सारख्याच वाटतात, आणि मग ‘थोडं दाबून’ बसवण्याचा मोह होतो. दाबू नका. स्लॉट तुटला तर मदरबोर्ड गेला.

डेस्कटॉपची रॅम लॅपटॉपला चालत नाही, हे बहुतेकांना माहीत असतं. ती जवळपास दुप्पट लांब असते. तरीही ऑनलाइन शोधताना ती हमखास कार्टमध्ये येऊन पडते. शोधताना ‘एसओडिम’ हा शब्द घालाच.

आता खाच ज्यात तुम्हाला वाचवत नाही, ती जागा. डीडीआर३ चालते १.५ व्होल्टवर आणि डीडीआर३एल १.३५ व्होल्टवर. पिना त्याच, खाच तीच, दिसायला हुबेहूब. डीडीआर३एल स्टिक सहसा दोन्ही व्होल्टेजवर चालते, त्यामुळे जुन्या १.५ व्होल्टच्या लॅपटॉपमध्येही ती लावता येते. उलट मात्र चालत नाही. ज्या लॅपटॉपला फक्त १.३५ व्होल्ट लागतात, त्यात साधी डीडीआर३ घातली की काळी स्क्रीन किंवा बीप ठरलेले. २०१३ नंतरच्या कमी वीज खाणाऱ्या प्रोसेसरच्या लॅपटॉपांत हे फार होतं. या पिढीची रॅम घेताना ‘एल’ असलेलीच घ्या, मग जुन्या लॅपटॉपला असो की नव्या. डीडीआर४ मध्ये ही भानगड नाही, ती १.२ व्होल्टवर चालते. डीडीआर५ चे १.१ व्होल्ट.

तपासा: आतापर्यंत तुमच्याकडे कागदावर चार गोष्टी असायला हव्यात. पूर्ण मॉडेल क्रमांक, स्लॉटची संख्या, सोल्डर रॅम असेल तर ती किती आणि रॅमची पिढी, डीडीआर३ असेल तर एल आहे की नाही यासह. यातली एकही रिकामी असेल तर पुढे जाऊ नका.

५. जुन्या स्टिकचं लेबल वाचायला शिका

सगळ्या प्रश्नांची बरीचशी उत्तरं या दोन इंचांच्या कागदावर आहेत, पण ते वाचायचे कष्ट फार थोडे लोक घेतात. समजा, लेबलवर ही ओळ आहे:

‘८जीबी १आरएक्स८ पीसी४-२६६६व्ही-एसए१-११’

तुकडे पाडू. ८ जीबी ही क्षमता. ‘१आर’ म्हणजे एक रँक (एकत्र काम करणाऱ्या चिपांचा एक संच), आणि ‘एक्स८’ म्हणजे प्रत्येक चिप एका वेळी ८ बिट पुरवते. एका रँकला ६४ बिट लागतात, म्हणून या स्टिकवर ८ चिपा असणार. ‘२आरएक्स८’ असेल तर १६ चिपा, दोन्ही बाजूंनी. ‘१आरएक्स१६’ असेल तर चारच. ‘पीसी४’ म्हणजे डीडीआर४, पीसी३ म्हणजे डीडीआर३, पीसी३एल म्हणजे डीडीआर३एल. २६६६ हा वेग. त्यामागचं ‘व्ही’ त्या वेगाच्या ठरलेल्या टायमिंगचा (प्रतिसादाला किती ठोके लागतात, त्याचा) गट दाखवतं, जसं २४०० पुढे ‘टी’ आणि ३२०० पुढे ‘एए’. मग ‘एसए१’ मधला ‘एस’ फार महत्त्वाचा: ही लॅपटॉपची साधी स्टिक आहे. तिथे ‘यू’ असेल तर डेस्कटॉपची, ‘आर’ असेल तर सर्व्हरची. उरलेली अक्षरं स्टिकच्या छापील बोर्डच्या रचनेची आहेत, त्यांची चिंता नको.

जुन्या लेबलांवर वेगाऐवजी मोठा आकडा असतो आणि लोक तिथे गडबडतात. पीसी३-१२८०० म्हणजे १२८०० चा वेग नव्हे. तो सेकंदाला किती मेगाबाइट जातात, त्याचा आकडा आहे. ६४ बिट म्हणजे ८ बाइट, म्हणून त्याला ८ ने भागा: १६००. तसंच १९२०० म्हणजे २४००, २५६०० म्हणजे ३२००, ३८४०० म्हणजे डीडीआर५ ची ४८००. २१३०० ला भागलं की २६६२ येतात, पण तो २६६६ चाच गोल केलेला आकडा.

अजून एक घोळ. सीपीयू-झेडमध्ये २६६६ च्या स्टिकचा वेग १३३३ दिसतो आणि फसवणूक झाल्यासारखं वाटतं. डीडीआर प्रत्येक घड्याळ-ठोक्याला दोनदा माहिती पाठवते, आणि सीपीयू-झेड फक्त ठोके मोजतं. दोननं गुणा.

लेबलवर खाली स्टिकचा पार्ट नंबर असतो. तो जसाच्या तसा टिपा, शेवटच्या अक्षरांसकट. सॅमसंगच्या एम४७१ ने सुरू होणाऱ्या क्रमांकात पुढचं अक्षर ‘बी’ असेल तर डीडीआर३, ‘ए’ असेल तर डीडीआर४. आणि डीडीआर३ मध्ये अखेरचं ‘वायके०’ म्हणजे १.३५ व्होल्टची, ‘सीके०’ म्हणजे १.५ व्होल्टची. एका अक्षराचा फरक, आणि लॅपटॉप सुरू होणं न होणं त्यावर.

तपासा: चिपा मोजा. चार, आठ किंवा सोळा असतील तर साधी रॅम. नऊ किंवा अठरा दिसल्या तर ती बहुधा ईसीसी (स्वतःच्या चुका सुधारणारी) स्टिक आहे, जी मोजक्या वर्कस्टेशन लॅपटॉपसाठी असते. साध्या लॅपटॉपसाठी ईसीसी घेऊ नका, स्वस्त मिळाली तरी. डीडीआर५ च्या जाहिरातीत ‘ऑन-डाय ईसीसी’ दिसलं तर घाबरू नका, ते चिपच्या आतलं असतं आणि सगळ्याच डीडीआर५ मध्ये असतं.

६. क्षमता: किती मोठी स्टिक चालेल?

मॅन्युअलमध्ये ‘कमाल १६ जीबी’ लिहिलेलं असतं आणि प्रोसेसरच्या माहितीत ६४ जीबी. कोणाचं ऐकायचं? कंपनीनं लॅपटॉप बाजारात आणला, तेव्हा जेवढ्या मोठ्या स्टिक हाताशी होत्या तेवढ्यांचीच चाचणी घेतलेली असते. म्हणून मॅन्युअलचा आकडा बऱ्याचदा सावध असतो. माझा सल्ला असा: मॅन्युअलच्या आकड्यात राहिलात तर निर्धास्त. त्याच्या पलीकडे जायचं असेल, तर रॅम बनवणाऱ्या कंपनीच्या यादीत तुमच्या नेमक्या मॉडेलपुढे मोठी क्षमता दिलेली आहे का, ते पाहा आणि परत करता येईल अशाच ठिकाणाहून घ्या. प्रोसेसरच्या कमाल मर्यादेच्या पलीकडे मात्र जाऊ नका.

एक स्लॉट आणि बाकी सोल्डर असेल, तर हिशेब बेरजेचा. ८ जीबी बोर्डवर आणि स्लॉटमध्ये १६ जीबी, तर एकूण २४.

डीडीआर३एल वाल्यांनी इथे एक सापळा लक्षात ठेवावा. इंटेलच्या चौथ्या पिढीपर्यंतचे प्रोसेसर ४ गिगाबिटच्या (म्हणजे अर्ध्या जीबीच्या) चिपाच ओळखतात. ८ जीबीच्या स्टिकवर अशा सोळा चिपा लागतात, म्हणजे लेबलवर ‘२आरएक्स८’. बाजारात याच क्षमतेच्या, पण ८ गिगाबिटच्या आठच चिपा असलेल्या ‘१आरएक्स८’ स्टिकही मिळतात. लेबलवर दोन्हीकडे ८ जीबी आणि पीसी३एल-१२८००. जुन्या लॅपटॉपमध्ये पहिली चालते, दुसरी नाही. १६ जीबीच्या डीडीआर३एल स्टिकचंही हेच.

डीडीआर४ ची एक स्टिक जास्तीत जास्त ३२ जीबीची मिळते. डीडीआर५ मध्ये २४ आणि ४८ जीबी असे नवे आकडे आले आहेत. ते घ्यायचे तर बायॉस अद्ययावत असावं लागतं, आणि हे अद्ययावत करणं जुनी स्टिक लावलेली असतानाच उरका. ३२ बिटचं विंडोज असेल, तर ४ जीबीच्या पुढची रॅम वायाच जाईल, हेही पाहून घ्या.

७. आता वेग

जास्त वेगाची स्टिक घातली तर ती लॅपटॉपच्या मर्यादेइतक्या वेगाने चालेल. ३२०० ची स्टिक २४०० च्या लॅपटॉपमध्ये २४०० ने धावते. दोन वेगवेगळ्या वेगांच्या स्टिक असतील तर दोघी हळू असलेलीच्या चालीनं चालतात. त्यामुळे लेबलवरचा वेग हुबेहूब जुळवण्याची गरज नाही, तो लॅपटॉपला लागतो त्याच्या बरोबरीचा किंवा अधिक असला की झालं.

एकच काळजी घ्यायची, पण ती खरी काळजी आहे. गेमिंगसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या काही स्टिकवरचा मोठा आकडा एक्सएमपी प्रोफाइलचा, म्हणजे मानकापेक्षा जास्त वेगाच्या साठवलेल्या सेटिंगचा असतो. बहुतेक लॅपटॉपच्या बायॉसमध्ये एक्सएमपी चालू करण्याची सोयच नसते, मग ती स्टिक आपल्या मूळच्या कमी वेगावर चालत बसते. म्हणून मानक टायमिंग आणि मानक व्होल्टेजवर तो वेग देणारी स्टिक बघा. डीडीआर४-३२०० साठी सीएल२२ (सीएल हा टायमिंगचा आकडा) आणि १.२ व्होल्ट, डीडीआर४-२६६६ साठी सीएल१९, डीडीआर५-४८०० साठी सीएल४०, डीडीआर५-५६०० साठी सीएल४६. वर्णनात १.३५ व्होल्टची डीडीआर४ दिसली तर ती सोडून द्या.

८. एक मोठी की दोन सारख्या?

दोन स्लॉट असतील तर दोन सारख्या स्टिक, असं माझं मत. प्रोसेसर आणि रॅम यांच्यातल्या दोन्ही वाहिन्या (चॅनेल) एकाच वेळी वापरात येतात, आणि प्रोसेसरमधलीच ग्राफिक्स वापरणाऱ्या लॅपटॉपला त्याचा सर्वांत जास्त फायदा होतो, कारण ती ग्राफिक्सही याच रॅमवर जगते. पुढे वाढवायची निश्चित योजना असेल, तरच आज एक मोठी घेऊन दुसरा स्लॉट मोकळा ठेवण्यात अर्थ आहे.

४ आणि ८ अशी विजोड जोडी चालते का? चालते. इंटेलच्या लॅपटॉपांत ४ + ४ जीबी दुहेरी वाहिनीनं आणि उरलेली ४ जीबी एकेरीनं वापरली जाते. थोडं मंद, पण ८ जीबीवर अडकण्यापेक्षा बरं. वेगवेगळ्या कंपन्यांच्या स्टिकही एकत्र चालतात. तरी जुनीसोबत नवी जोडत असाल, तर पिढी, व्होल्टेज आणि शक्य असेल तर रँकसुद्धा जुळवा. विचित्र अडचणी याच मिश्रणात निघतात आणि त्यांचा शोध कंटाळवाणा असतो.

९. विकत घेताना

किंग्स्टनसारख्या रॅम कंपन्यांच्या शोधसुविधेत आपलं मॉडेल घालून मिळणारं उत्तर तुमच्या कागदावरच्या नोंदींशी ताडून पाहा. दोन्ही जुळलं तर पुढे चला. जुळलं नाही तर मॅन्युअल आणि जुन्या स्टिकचं लेबल यांवर विश्वास ठेवा, कारण शोधसुविधेला तुमच्या हातातला बोर्ड कोणता ते माहीत नसतं.

विक्रेत्याच्या पानावरचा फोटो बऱ्याचदा नमुन्याचा असतो. पार्ट नंबर लिहिलेला नसेल तर विचारा, आणि सांगता येत नसेल तर तिथून घेऊ नका. जुनी, काढलेली स्टिक घेण्यात गैर काही नाही. रॅम झिजत नाही. फक्त लेबल आणि सीपीयू-झेडच्या एसपीडी पानावरची (स्टिकच्या आतच साठवलेली) माहिती जुळते का ते घरी आल्यावर लगेच पाहायचं. लेबल बदलता येतं, पण आतली माहिती बदलायचे कष्ट सहसा कोणी घेत नाही.

१०. बसवण्याचा क्रम

१) महत्त्वाच्या फाइलींची प्रत काढा. डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल तर रिकव्हरी की हाताशी ठेवा.

२) लॅपटॉप पूर्ण बंद करा, झोपवू नका. झाकण मिटल्यावर तो स्लीपमध्ये असेल आणि तुम्ही तसंच उघडलंत, तर स्टिक वीज चालू असताना निघेल.

३) चार्जर काढा. मागचं झाकण उघडताना स्क्रू ज्या जागेचे त्याच क्रमानं कागदावर ठेवा. त्यांची लांबी वेगवेगळी असते, आणि लांब स्क्रू आखूड जागी घातला तर तो कीबोर्डच्या बाजूनं उठाव आणतो.

४) बॅटरीचा कनेक्टर मदरबोर्डवरून काढा. ही पायरी सगळ्यात जास्त वगळली जाते. वायर ओढू नका, कनेक्टर धरून सरकवा. काही लॅपटॉपमध्ये बायॉसमधूनच आतली बॅटरी बंद करता येते, तसं असेल तर ते आधी करून घ्या. मग पॉवर बटण १५-२० सेकंद दाबून धरा.

५) एखाद्या धातूच्या वस्तूला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवा. स्टिक कडांनीच धरा, सोनेरी पिनांना बोट लागू देऊ नका.

६) जुन्या स्टिकच्या दोन्ही बाजूंच्या चिमट्या एकाच वेळी बाहेर ढकला. स्टिक आपोआप तिरकी वर येते. तशीच तिरकी ओढून काढा.

७) नवी स्टिक साधारण ३० अंशांच्या कोनात, खाच जुळवून, आत सरकवा. ठाम दाब लागतो. सोनेरी पिनांची जेमतेम एक बारीक रेघ दिसावी, पट्टी दिसत असेल तर ती पुरती आत गेलेली नाही. मग वरून खाली दाबा, दोन्ही चिमट्यांचा ‘टक’ आवाज यायला हवा. एकाच बाजूचा आला तर काढून पुन्हा.

‘लॅपटॉप सुरू होत नाही’ म्हणून येणाऱ्या तक्रारींत बऱ्याच वेळा रॅम चुकीची नसते, ती फक्त अर्धवट बसलेली असते.

८) बॅटरी जोडा. झाकण पूर्ण लावायच्या आधी एकदा चालू करून पाहा.

११. पहिल्यांदा चालू करताना

स्क्रीन काळीच राहील, कदाचित काही मिनिटं. नवी रॅम दिसली की लॅपटॉप तिचं टायमिंग स्वतः जुळवून घेतो आणि डीडीआर५ मध्ये तर याला चांगलाच वेळ लागतो. या काळात पॉवर बटण दाबून बंद करणं ही चूक लोक घाबरून करतात. पाच-सात मिनिटं थांबा.

सुरू झाला की आधी बायॉसमध्ये एकूण क्षमता पाहा, मग विंडोजमध्ये. १६ जीबीऐवजी १५.३ किंवा १३.९ दिसत असेल तर तो ग्राफिक्ससाठी राखून ठेवलेला भाग आहे. पण बायॉस पूर्ण क्षमता दाखवत असून विंडोज अर्धीच वापरत असेल, तर सिस्टिम कॉन्फिगरेशनच्या बूट टॅबमधल्या प्रगत पर्यायांत ‘मॅक्सिमम मेमरी’ वर खूण आहे का ते बघा. ‘वेग वाढवायला’ म्हणून कुणीतरी ती कधीतरी केलेली असते. काढून टाका.

शेवटी मेमटेस्ट८६ ची निदान एक पूर्ण फेरी. स्टिक परत करण्याची मुदत संपण्याआधी.

१२. तरीही चालत नसेल तर

याच क्रमानं जा, उड्या मारू नका. दोन्ही स्टिक काढून पुन्हा बसवा. मग नवी एकटीच, पहिल्या स्लॉटमध्ये. मग तीच दुसऱ्या स्लॉटमध्ये. मग जुनी एकटी. जुनी चालते आणि नवी कुठेच चालत नाही, तर लेबल पुन्हा वाचा: एल आहे का, ‘२आरएक्स८’ हवं तिथे ‘१आरएक्स८’ आलं का. दोन्ही एकेकट्या चालतात, पण एकत्र नाही, तर बायॉस अद्ययावत करून पाहा. तरी फरक नसेल तर सारखी जोडी घ्या. आणि जुनीही चालेनाशी झाली, तर बॅटरीचा कनेक्टर नीट बसलाय का ते आधी पाहा. चार्जर लावून थोडा वेळ थांबा, पॉवर बटण अर्धा मिनिट दाबून सोडा आणि पुन्हा प्रयत्न करा.

बीप वाजत असतील किंवा चार्जिंगचा दिवा ठरावीक वेळा लुकलुकत असेल, तर ते मोजून मॅन्युअलमध्ये अर्थ पाहा. मेमरीचा कोड बहुतेक कंपन्यांत वेगळा दिलेला असतो, त्यामुळे दोष रॅमचा की दुसऱ्या कशाचा, हे लगेच कळतं.